पांढरी वस्त्रं : प्रदर्शनात कुणाला काय नेसवायचं आणि पाटीवर काय लिहायचं?

प्रश्न – रंकाळावेस

नमस्कार. २६ जूनला, शाहू जयंतीला, कॉलेजात एक प्रदर्शन मांडायचं चाललंय. महाराजांनी कोल्हापुरात समाजासमाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. मराठा आणि जैन वसतिगृह १९०१ मधलं, मुस्लिम १९०६ मधलं. तोच धागा धरून ‘पांढरं वस्त्र, अनेक धर्म’ असा विषय घेतला आहे. कापड दुकानातले आठ पुतळे मिळाले आहेत. सध्याची यादी अशी : जैन साधू, जैन साध्वी, हजला निघालेला पुरुष, हजला निघालेली बाई, बौद्ध भिक्खू, वारकरी, नवजोत (धर्मदीक्षा) झालेला पारशी मुलगा आणि ख्रिस्ती नवरी. कोपऱ्यात विधवेची पांढरी साडी आणि कफनही ठेवावं, असा काहींचा आग्रह आहे.

दारातल्या मोठ्या पाटीवर हे लिहायचं ठरतंय : ‘पांढरा रंग सर्व धर्मांत पावित्र्य, शांती आणि त्याग यांचं प्रतीक आहे.’

विचारायचं ते असं. प्रत्येकाला कापड किती लागेल आणि ते कसं नेसवायचं? नेहमी काय चुकतं? आणि भर पावसाळ्यात आठवडाभर हे सगळं पांढरं कसं राखायचं? ज्यांना आपापल्या परंपरेतलं पक्कं माहीत आहे त्यांनी सांगावं.

---

उत्तर – कुंभोजवाट

आधी पाटी बदला. ती आपल्या जिल्ह्यातसुद्धा टिकणारी नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव हा पट्टा दिगंबर जैनांचा, आणि दिगंबर मुनी वस्त्रच घालत नाहीत. त्यांच्या लेखी कापड हाच परिग्रह, म्हणजे जवळ बाळगलेली मालमत्ता. कापड आलं की ते मिळवणं, धुणं, वाळवणं, जपणं, फाटलं की दुसरं मागणं हे सगळं मागोमाग आलं. त्यामुळे दिगंबर परंपरेत पांढरं वस्त्र हे शिखर नाही, अलीकडची पायरी आहे. क्षुल्लक म्हणजे मुनिपदाआधीच्या पायरीवरचे साधक. त्यांच्याकडे लंगोट आणि एक खंडवस्त्र असतं. खंडवस्त्र म्हणजे सगळं अंग झाकणार नाही एवढंच आखूड उपरणं. डोकं झाकलं तर पाय उघडे राहावेत अशा मापाचं. त्यापुढच्या ऐलकांकडे फक्त लंगोट. त्यापुढे मुनी, तिथे तेही सुटतं. भोजचे आचार्य शांतीसागर (१८७२–१९५५) यांच्यापासून ही मुनिपरंपरा आपल्या भागात पुन्हा ठळक झाली, म्हणून इथला प्रेक्षक हे सगळं पाहून असतो. तो तुमची पाटी वाचून थांबेल आणि विचारेल.

तुमच्या यादीतला ‘जैन साधू’ म्हणजे श्वेतांबर साधू. पाटीवर तसं स्पष्ट लिहा. दिगंबर मुनींचा पुतळा करूच नका. पिच्छी (मोरपिसांचा कुंचा) आणि कमंडलूही शोभेला मांडायच्या वस्तू नव्हेत. तिथे नुसता मजकूर पुरे.

साध्वी कोणती दाखवायची ते ठरवा. दिगंबर आर्यिका असेल तर पांढरी, बिनकाठाची, बिननक्षीची सुती साडी, परंपरेने सोळा हात. हात दीड फुटाचा धरला तर सव्वासात मीटर होतात. म्हणजे सहावारी आणून चालणार नाही, नऊवारीच्या जवळपास जावं लागतं. दुकानातून आणलेल्या ‘पांढऱ्या’ साडीला बहुतेक वेळा चंदेरी किंवा पांढराच विणलेला काठ असतो. लांबून दिसत नाही, पण जवळ येणारी बाई पहिल्यांदा तेच बघते. त्यापेक्षा ताग्यातलं सलग कापड कापून घ्या.

श्वेतांबर साधू-साध्वींचं वस्त्रही न शिवलेलं, न रंगवलेलं. कमरेला चोलपट्टा, वर पांघरायचं वस्त्र, बाहेर पडताना खांद्यावर कांबळी, हातात किंवा काखेत ओघा, म्हणजे लोकरीच्या दशांचं, धूळ झाडायचं रजोहरण. पुतळ्याला चोलपट्ट्यासाठी अडीच मीटर आणि वरच्या वस्त्रासाठी तीन मीटर कापड पुरेल. मुहपत्तीत, म्हणजे तोंडापुढच्या कापडी पट्टीत, हमखास चूक होते. श्वेतांबरांतले मूर्तिपूजक पंथाचे साधू ती हातात धरतात आणि बोलताना तोंडापुढे घेतात. स्थानकवासी आणि तेरापंथी हे दुसरे दोन पंथ ती दोऱ्याने कानांना अडकवून तोंडावर बांधतात. पुतळ्याच्या तोंडावर मुहपत्ती बांधून खाली मूर्तिपूजक आचार्यांची माहिती लावली, तर कोल्हापूरच्या गुजरी पेठेतला शाळकरी पोरगाही चूक काढेल. वस्त्र घ्यायची घडी गच्छागणिक (साधूंच्या शाखेगणिक) थोडी बदलते, म्हणून ज्यांची पद्धत दाखवणार त्यांच्याच उपाश्रयात, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागी, एकदा विचारून या.

आणखी एक गोष्ट पाटीवर आली पाहिजे. हे कापड साधू विकत घेत नाहीत, त्यांच्यासाठी म्हणून मुद्दाम आणलेलंही त्यांना चालत नाही. श्रावकाच्या (गृहस्थ जैनाच्या) घरात असलेल्यातलं वहोरलेलं, म्हणजे भिक्षेत मिळालेलं, तेवढंच. श्वेतांबरांचं म्हणणं असं की वस्त्र हे संयमाचं साधन आहे, त्यात आसक्ती नसेल तर तो परिग्रह नाही. दिगंबरांशी मतभेद आहे तो नेमका इथे. कुंभोजच्या डोंगरावर दोन्ही संप्रदायांची मंदिरं आहेत, आणि दोघांमधला हा वाद रंगाचा कधीच नव्हता.

म्हणून माझी सूचना : प्रत्येक पुतळ्याशेजारच्या पाटीवर ‘पांढरा म्हणजे काय’ हे लिहू नका. पाच गोष्टी लिहा. शिवलेलं की न शिवलेलं, काठ आहे का, नवं की जुनं, कुणी दिलं, आणि कधी उतरवायचं. खरा अर्थ या पाचांत सापडतो.

---

उत्तर – बागवानगल्ली

वरच्या पाच गोष्टी एहरामला, म्हणजे हजच्या वस्त्राला, तंतोतंत लागू पडतात, म्हणून त्याच क्रमाने सांगतो.

पुरुषाचा एहराम म्हणजे दोन चादरी. कमरेची इजार, खांद्यावरची रिदा. दोन्ही अंगाच्या मापाने न शिवलेल्या. पांढरा रंग पसंतीचा आहे, पण शर्त रंगाची नाही. दुसऱ्या साध्या रंगाची चादर घेतली म्हणून हज बिघडत नाही. शिवलेला सदरा घातला तर मात्र दंड लागतो. डोकं उघडं. पायात घोटा झाकणारे बूट किंवा मोजे नाहीत. हनफी (मुस्लिम धर्मशास्त्राची एक शाखा) मतात पावलाच्या वरचं उंचवट्याचं हाडही उघडं राहावं, म्हणून लोक पट्ट्याची चप्पल घेतात. पुतळ्याला बंद बूट घालू नका, डोक्यावर टोपी ठेवू नका. या दोन चुका मी चांगल्या मोठ्या प्रदर्शनांच्या छायाचित्रांतही बघितल्या आहेत.

माप : एकेक चादर साधारण सव्वादोन मीटर लांब, पन्हा ११० ते ११५ सेंटिमीटर. मध्यम उंचीच्या माणसाला हा पन्हा बरोबर, उंच माणसाला १२५ घ्या. लांबीत कंजुषी करू नका. इजारचे दोन पदर पुढे एकमेकांवर हातभर तरी चढले पाहिजेत, नाहीतर चालताना मांडी उघडी पडते, आणि बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकणं तर फर्ज, म्हणजे बंधनकारक. इजार बेंबीच्या वर घेऊन वरची कड दोन-तीनदा बाहेरच्या बाजूला गुंडाळली की घट्ट बसते. त्यावर पट्टा चालतो. गाठ मारणं हनफी फिक्हमध्ये (धर्मशास्त्रात) मकरूह, म्हणजे टाळावं असं, मानलंय, पिनेबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. पुतळ्याला पट्टाच लावा, वाद नको.

नव्या कापडाला खळ आणि चकाकी असते, ते कमरेवरून घसरतं. एकदा धुऊन घेतलं की धरतं. खऱ्या प्रवासाला निघणाऱ्यांनी हे बिनवासाच्या साबणाने करावं, कारण नियत, म्हणजे हजचा संकल्प, केल्यावर सुगंध चालत नाही.

खांद्याचं नीट समजून घ्या. उजवा खांदा उघडा टाकून रिदा डाव्या खांद्यावर घेणं याला इज्तिबा म्हणतात, आणि तो ज्या तवाफनंतर (काबेभोवतीच्या फेऱ्या) सई (सफा-मरवा टेकड्यांमधल्या येरझाऱ्या) आहे त्या तवाफपुरताच. नमाजला उभं राहताना दोन्ही खांदे झाकायचे. फोटोत खांदा उघडा दिसतो म्हणून लोक विमानतळापासूनच उघडा ठेवून चालतात. तुमच्या पुतळ्याचे दोन्ही खांदे झाका आणि इज्तिबा शेजारी चित्रात दाखवा.

एहराम कुठे बांधायचा तेही पाटीवर घ्या. विमान थेट जेद्दाला जाणार असेल तर मीकात, म्हणजे एहरामशिवाय ओलांडायची नाही ती हद्द, हवेतच ओलांडली जाते, म्हणून लोक निघतानाच चादरी नेसतात आणि मीकातच्या आत नियत करतात. आधी मदिनेला जाणारे साध्या कपड्यांत जातात आणि मक्केला निघताना मदिनेजवळच्या जुलहुलैफाला एहराम बांधतात.

यादीतली ‘हजला निघालेली बाई’ पांढऱ्यात दाखवायची गरज नाही. बाईला एहरामचं वेगळं कापड नाही. तिचे नेहमीचे शिवलेले, अंग झाकणारे कपडे, कोणत्याही साध्या रंगाचे. चेहऱ्याला कापड लागू द्यायचं नाही एवढी अट. आपल्याकडच्या बायका पांढरं घालतात ती रीत झाली. तिला फिकट निळ्या किंवा करड्या रंगात दाखवा. आठ पांढऱ्या पुतळ्यांत ती एकच रंगीत दिसली की बघणारा थांबून वाचेल.

कफनाबद्दल : पुतळ्याला कफन घालू नका. हे कळकळीने सांगतो. घरात कुणी नुकतं गेलेलं माणूसही प्रदर्शन बघायला येतं. घडी घातलेलं कापड टेबलावर ठेवा आणि माहिती लिहा. पुरुषाला तीन कापडं : लिफाफा (बाहेरून गुंडाळायची चादर), इजार (आतली चादर), कमीस. कमीस म्हणजे बिनबाह्यांचा, बाजूने न शिवलेला, मान जाईल एवढी चीर दिलेला. बाईला पाच : या तिघांत ओढणी आणि सीनाबंद (छातीभोवतीचं कापड) वाढतात. अंथरताना सगळ्यांत खाली लिफाफा, त्यावर इजार, वर कमीस. गुंडाळताना आधी डावी बाजू, मग तिच्यावर उजवी. डोकं, कंबर आणि पाय अशा तीन ठिकाणी पट्टीने बांधतात, आणि कबरीत उतरवल्यावर त्या गाठी सोडतात. ही हनफी पद्धत, घाटावर बहुतेक ठिकाणी हीच. कोकणातले शाफई (दुसऱ्या शाखेचे) लोक पुरुषाला तीन सलग चादरीच वापरतात, कमीस नाही.

पांढरे कपडे घाला आणि मयतांनाही पांढऱ्यातच कफन द्या, असा हदीसचा उपदेश आहे. बरेच हाजी आपला एहराम जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून घरी आणतात आणि कफनासाठी राखून ठेवतात. हे सांगितलंत तर एहराम आणि कफन या दोन पाट्या आपोआप जोडल्या जातील.

---

उत्तर – सम्यक_शिरोळ

बौद्ध भिक्खूला पांढरं नेसवलंत तर ती साधी चूक राहणार नाही, सगळा अर्थच उलटा होईल. भिक्खूचं चीवर काषाय. काळपट तांबड्यापासून भगव्या-पिवळ्यापर्यंत, देशागणिक छटा वेगळी. पांढरं वस्त्र हे गृहस्थाचं. पाली ग्रंथांत उपासकांचा उल्लेखच ‘गिही ओदातवसना’, म्हणजे पांढरी वस्त्रं नेसणारे गृहस्थ, असा येतो. म्हणजे इथे पांढऱ्याचा अर्थ संसार सोडला असा नाही. संसारात राहून शील पाळतो, असा आहे. श्वेतांबर साधूच्या शेजारी उपासकाचा पुतळा उभा केलात तर दोघांचं कापड सारखं दिसेल आणि दोघांचं जगणं अगदी वेगळं असेल. ते शेजारीशेजारीच ठेवा.

महाराष्ट्रात याला १४ ऑक्टोबर १९५६ चा संदर्भ आहे. नागपूरला दीक्षा घ्यायला आलेले लाखो लोक पांढरी वस्त्रं नेसून आले होते, बाबासाहेब स्वतः पांढऱ्या पोशाखात होते. जातीवरून कपड्यांवर बंधनं सोसलेल्या समाजाने धुतलेलं, अखंड, पांढरं कापड एकाच दिवशी अंगावर घेतलं, हे पाटीवर ठळक यायला हवं. नुसतं ‘शांतीचं प्रतीक’ लिहिलंत तर हेच हरवतं.

पुतळे एकाच्या जागी दोन करा : उपासिका आणि उपासक. उपासिकेला पांढरी सहावारी साडी, इथे काठ चालतो, निळा काठही सर्रास दिसतो. उपासकाला पांढरा सदरा आणि पांढरी पँट किंवा पायजमा. शिवलेलं की न शिवलेलं याचा इथे काही नियम नाही. आपल्याकडे वंदनेला, बुद्धपौर्णिमेला, ६ डिसेंबरला आणि लग्नातही वधू-वर हेच नेसतात. लग्नातलं पांढरं बघून बाहेरचे पाहुणे बुचकळ्यात पडतात, म्हणून लग्नाचा फोटो शेजारी लावा.

जागा असेल तर एक ओळ : श्रीलंकेत पोयाच्या (पौर्णिमेच्या) दिवशी अष्टशील घेणारे गृहस्थ पांढऱ्यात असतात, थायलंडमधल्या आठ शीलं पाळणाऱ्या ‘मे ची’ बायकाही पांढऱ्यात, तर म्यानमारमधल्या तशाच शीलधारिणी गुलाबी वस्त्रात.

---

उत्तर – पंचगंगाघाट

विधवेची पांढरी साडी : पुतळा नको, आणि कोल्हापूरचं म्हणून तर नकोच. पांढऱ्या वस्त्रातली विधवा हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय ते बंगाल आणि वृंदावनाकडचं. महाराष्ट्रात केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेच्या वाट्याला आलवण (विधवेचं लुगडं) यायचं, आणि आलवण तांबडं. इतर समाजांत फिकं किंवा पांढरं लुगडं नेसायची रीत काही घरांत होती, पण खरा घाव कापडापेक्षा कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी आणि मंगळसूत्र काढणं यांत होता. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव करून नेमक्या याच प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. आपल्या जिल्ह्यातली ही गोष्ट सोडून वृंदावनाचा पुतळा मांडणं बरं नव्हे. तांबड्या कापडाचा एक तुकडा आणि हेरवाडच्या ठरावाची माहिती, एवढंच मांडा. पांढऱ्यांच्या रांगेत तो तांबडा तुकडा पुष्कळ सांगेल.

सोवळं यादीत नाही, ते घ्या. आणि तिथेही बघा, रंगाला फारसं महत्त्व नाही. रेशमी कद किंवा मुकटा तांबडा, पिवळा, डाळिंबी कसाही असतो. नियम आहे तो धाग्याचा आणि स्पर्शाचा. रेशीम आणि लोकर सहजी विटाळत नाहीत असं मानतात, म्हणून कद रोज धुवावा लागत नाही. सुती धोतर सोवळ्यात हवं असेल तर धुऊन, पिळून, कुणाचा हात लागणार नाही असं काठीने उंच दांडीवर वाळत घालायचं आणि वाळलं की स्नान करूनच उचलायचं. सकाळी लोकांत वावरलेलं धोतर कितीही शुभ्र असलं तरी ते ओवळं.

अंत्यविधीत कापड कोरं लागतं, म्हणजे न धुतलेलं, न वापरलेलं. सवाष्ण गेली तर मात्र तिला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून नेतात. म्हणजे एकाच स्मशानात पांढरं कुणाला आणि हिरवं कुणाला हे नातं ठरवतं.

वारकऱ्याचं सोपं आहे : पांढरं धोतर (पुतळ्याला साडेचार मीटर), सदरा किंवा बंडी, उपरणं, टोपी किंवा फेटा, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का. हा दीक्षेचा गणवेश नाही. शेतकऱ्याचा धुतलेला पोशाख तोच वारीचा पोशाख, म्हणून माळेशिवाय पुतळा नुसता शेतकरी दिसेल. वारकरी होणं हे माळ घालण्याने, कपड्याने नव्हे. आषाढीला नंदवाळच्या दिंडीत जाऊन बघा, जुनं, नीळ दिलेलं, गुडघ्याशी मळलेलं धोतरच जास्त. कोरं करकरीत नेसवू नका.

---

रंकाळावेस

सगळ्यांचे मनापासून आभार. दारातली पाटी काढतो आणि पाच मुद्द्यांची पद्धत घेतो. भिक्खू काढून उपासक-उपासिका, हजची बाई रंगीत कपड्यांत, कफन फक्त टेबलावर, विधवेचा पुतळा रद्द, सोवळं नवीन. पारशी आणि ख्रिस्ती राहिले. ज्यूंचंही काही घ्यावं का? आणि कापड राखायचं कसं?

---

उत्तर – नागाळापार्क

पारशी : सुदरेह (आतला सदरा) आणि कुस्ती (कमरेची दोरी) नवजोतपासून रोज अंगावर असतात, शर्टाच्या आत. त्यामुळे ‘पारशी पोशाख’ म्हणून वरचा डगला दाखवलात तर मुख्य वस्तू झाकली जाईल. सुदरेह पातळ पांढऱ्या मलमलीचं, शिवलेलंच; त्याच्या शिवणींना आणि तुकड्यांना अर्थ आहे. गळ्यापाशी बोटाच्या पेराएवढा खिसा असतो, गरेबान, सत्कृत्यं साठवायचा. शिंप्याला न सांगता शिवून घेतलंत तर तो हा खिसा हमखास सोडून देईल, किंवा पेन राहील एवढा मोठा करील. कुस्ती पांढऱ्या लोकरीच्या ७२ धाग्यांची, यस्ना या धर्मग्रंथाच्या ७२ अध्यायांशी जोडलेली. कमरेभोवती तीन वेढे, गाठी पुढे आणि मागे. वेढे दोन किंवा चार झाले तर माहीतगार लगेच ओळखेल. नवं-जुनं या मुद्द्यावर पारशी पाटी फार बोलकी होईल : मृताला नवं नाही, जुनं, धुतलेलं पांढरं वस्त्र घालतात, म्हणजे चांगलं कापड वाया जाऊ नये. पंचगंगाघाट यांनी सांगितलेल्या कोऱ्या कापडाच्या बरोबर उलट. दोन्ही पाट्या समोरासमोर लावा.

ख्रिस्ती नवरी नको असं मी म्हणेन. पांढरा गाऊन हा धर्माचा नियम नाही. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने लग्नात पांढरा पोशाख केला आणि पुढे ती चाल पसरली. मराठी ख्रिस्ती नवरी बहुधा पांढरी साडीही नेसते, तीही चालच. धर्मातलं पांढरं हवं असेल तर बाप्तिस्म्याचं वस्त्र घ्या : कॅथलिक विधीत पाण्याने बाप्तिस्मा झाल्यावर बाळाला पांढरं वस्त्र देतात. याजकाचं आल्ब हाही पर्याय. पायघोळ, पांढरं, कमरेला दोरी. त्यावरचा झगा ऋतूप्रमाणे बदलतो : नाताळ आणि ईस्टरला पांढरा, आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, पेंटेकॉस्टला तांबडा, एरवी हिरवा. आतलं पांढरं मात्र कायम. पण आल्बखाली कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चचा फोटो लावू नका. ते प्रेस्बिटेरियन मिशनचं चर्च, आणि आल्ब ही तिथली रीत नव्हे.

ज्यू : पुतळा नको, एक पाटी घ्या. कोकणातले बेने इस्राएल मराठीच बोलतात, ओळखीचं वाटेल. योम किप्पूरला पांढरं घालतात आणि चामड्याची पादत्राणं टाळतात. मृताचे कपडे पांढरे, साधे, श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखे आणि बिनखिशाचे. पारश्यांच्या खिशाशेजारी हा नसलेला खिसा लिहा. ‘कित्तल’ नावाचा पांढरा झगा मात्र बेने इस्राएलांच्या नावावर टाकू नका, तो पूर्व युरोपातल्या ज्यूंचा.

---

उत्तर – इचलकरंजीपेठ

कापडाचं मी सांगतो. सगळ्यांना एकच तागा फाडू नका, तिथेच प्रदर्शन फसतं.

आर्यिका, श्वेतांबर साधू आणि वारकरी यांना सुती मलमल किंवा धोतराचं कापड. कफनाच्या घडीला मांजरपाट. एहरामला जाड सुती किंवा टॉवेलचं कापड. पातळ मलमल घेतली तर आतून पुतळा दिसतो. सुदरेहला सगळ्यांत तलम मलमल. दुकानात ‘कॉटन’ म्हणून पॉलिएस्टर मिसळलेलं देतात. कडेचा एक धागा काढून जाळून बघा : सूत कागदासारखं जळून राखाडी राख होते, मिसळीचं वितळून टोकाला कडक मणी धरतो. मिसळीचं कापड दिव्याखाली चमकतं आणि घडी अंगाबरोबर पडत नाही, फुगून राहते.

मांजरपाट आणि कोरं कापड मापाने कापायच्या आधी धुवा. मागावर ताण्याला लावलेली खळ त्यात असते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात साबण घालून धुतलं की ती निघते. हे कापड मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर सहज आटतं, म्हणजे सव्वादोन मीटरची चादर हवी तर दोन मीटर चाळीस तरी फाडा. कात्रीने न कापता चीर देऊन हाताने फाडलं तर धाग्याला धरून सरळ फाटतं. कड दुमडून शिलाई मारू नका, न शिवलेल्या वस्त्रांचा मुद्दाच जाईल. सुटणारे चार धागे ओढून टाका.

धोतराला आणि आर्यिकेच्या साडीला कांजी करू नका. जूनची हवा कोल्हापुरात दमट, खळीवर चार दिवसांत बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते जात नाहीत. कसरही खळीलाच लागते. पूर्ण वाळलेलं कापडच नेसवा, इस्त्रीची वाफ निघून जाईपर्यंत तासभर दांडीवर ठेवा. पुतळे भिंतीपासून हातभर पुढे घ्या, ओल भिंतीतून येते. दिवसा पंखा, रात्री वरून सुती चादर. प्लॅस्टिक टाकलं तर आत घाम धरतो.

नीळ फक्त वारकऱ्याला, तीही बादलीभर पाण्यात आधी नीट ढवळून. कोरड्या कापडावर थेंब पडला तर डाग बसतो. ब्लीचिंग सुतीला जपून. रेशमी कदाला, कांबळीला आणि कुस्तीला अजिबात नाही. रेशीम आणि लोकर त्याने पिवळी पडतात, आणि जास्त झालं तर धागाच विरघळतो.

आणि टाचण्या. बागवानगल्ली यांनी पट्टा सांगितलाय तो एहरामला ठीक, पण बाकी पुतळ्यांना तुम्ही पिना लावणारच. साध्या लोखंडी पिना पावसाळ्यात दोन दिवसांत तांबेरा सोडतात. स्टीलच्या घ्या आणि पिन व कापड यांच्यामध्ये कागदाचा कपटा ठेवा. तरी डाग पडलाच तर लिंबू आणि मीठ चोळून, ओलंच ठेवून, मग स्वच्छ धुवा. तिथे ब्लीचिंग लावू नका, त्याने गंज आणखी पक्का बसतो.